आयात मृदुफळांतील कीटकनाशक-अवशेषांची मर्यादा

सिद्धगडाच्या उतारावरील करवंदे उन्हाळ्यात मुरबाड-शहापूरकडच्या बाजारांत येतात. रानातल्या जाळीवर कोणी फवारणी करीत नाही. त्यामुळे त्यांच्याबाबत औषधांच्या अवशेषांचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या करवंदाप्रमाणेच द्राक्षही मृदुफळच होय; पण ते मळ्यात वाढते, फवारले जाते आणि परदेशी विकले जाते. तेथे हा प्रश्न टाळता येत नाही.

2010 साली महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात अडली, ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे. हे वस्तुतः कीटकनाशक नव्हे, वाढरोधक आहे. कायदा मात्र दोहोंची गणना एकत्रच करतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून फळधारणा वाढावी म्हणून ते वापरले जाई. युरोपातील मर्यादा होती किलोस 0.05 मिलिग्रॅम. निर्यातीपूर्वी तपासावयाच्या रसायनांच्या यादीत त्या वेळी हे नावच नव्हते. बागाईतदाराचा माल परदेशी बंदरावर पोहोचल्यावर नाकारला गेला.

मग ती द्राक्षे विषारी होती काय? येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. अवशेष-मर्यादा ठरते ती शेतातील प्रयोगांवरून: मान्य पद्धतीने औषध वापरल्यास काढणीच्या वेळी फळात किती उरते, हे त्यांत मोजतात. सुरक्षित सेवनमात्रा ठरते ती प्राण्यांवरील प्रयोगांवरून: ज्या मात्रेस अपाय दिसत नाही, तिला साधारणतः 100 ने भागतात, त्यांपैकी 10 प्राणी व मनुष्य यांतील अंतरासाठी, 10 माणसामाणसांतील भेदासाठी. नंतर पहिली दुसरीवर पडताळून पाहतात.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञमंडळाने या रसायनाची दैनिक मात्रा शरीराच्या दर किलोस 0.05 मिलिग्रॅमपर्यंत धरली. म्हणजे 50 किलो वजनाच्या मनुष्यास 2.5 मिलिग्रॅम. युरोपीय मर्यादेइतका अवशेष असलेली द्राक्षे त्याने रोज 50 किलो खाल्ली, तरच ही मात्रा गाठली जाईल! अवशेष दहापट असता 5 किलो पुरतील. 15 किलोच्या मुलास मात्र तेव्हा दीड किलोच पुरे. म्हणून मुलांचे गणित निराळे मांडावे लागते, आणि एका दिवसात पोटात जाणाऱ्या मात्रेचेही.

मग मर्यादा इतकी खाली का? आयात करणाऱ्या देशात त्या पिकावर त्या औषधाचा वापर मान्य नसेल, तर मर्यादा विश्लेषणाने खात्रीपूर्वक मोजता येईल अशा किमान प्रमाणाशी ठेवतात. निर्यातदार देशाने आपल्या शेतांतील प्रयोगांचे आकडे सादर करून आयातीपुरती वेगळी मर्यादा मागता येते. पण हे काम खर्चाचे व वर्षानुवर्षांचे आहे. आकडे नसले म्हणजे निर्बंध कडक राहतो, धोका मोठा असो वा नसो. 2010 नंतर हे रसायन आपल्याकडील तपासणीच्या यादीत आले, हे योग्यच झाले. पण आकडे मिळवण्याचे काम त्याने होत नाही.

आता परदेशी ब्लूबेरी मुंबईच्या बाजारात येते. ज्या औषधासाठी आपल्याकडे त्या फळाची मर्यादा ठरलेली नाही, तेथे आपणही किलोस 0.01 मिलिग्रॅम हेच माप लावतो. आणि तक्रार करण्याची पाळी तिकडच्या बागाईतदाराची असते.