परसातील तळे आणि तंतुशेवाळ

मराठवाड्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या काळासाठी पाणी साठवून ठेवणे भाग असते. पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडाव्यासारख्या गावात परसातील हौद, घरामागच्या बागेतील लहानसे तळे किंवा शाळेच्या बागेचे टाके यांचे मोल त्यामुळे अधिक आहे. उन्हाळ्याची चाहूल लागताच अशा साठ्यात हिरवे, केसासारखे लांब तंतू वाढू लागतात व थोड्याच दिवसांत त्यांची जाड गादी पाण्यावर पसरते. हेच तंतुशेवाळ होय. शालेय विज्ञानात परिचित असलेले स्पायरोगायरा हे त्याचेच एक उदाहरण.

शेवाळाची वाढ कशामुळे होते ?

भरपूर ऊन, संथ पाणी आणि पाण्यात विरघळलेली नत्र व स्फुरद ही पोषकद्रव्ये, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की शेवाळ फोफावते. शेण, कुजणारा पालापाचोळा, भांडी धुतलेले पाणी आणि वाफ्यातून वाहून आलेले रासायनिक खत यांतून ही द्रव्ये तळ्यात येतात. तेव्हा शेवाळ हे मूळ दुखणे नसून पाण्यात खताचा अंश वाढल्याचे लक्षण आहे. ते केवळ मारले आणि खताचा ओघ तसाच राहिला, तर ते पुन्हा वाढणारच.

आरोग्याशी संबंध

हिवताप व डेंग्यू यांच्या प्रतिबंधासाठी पाण्याच्या साठ्यांत गप्पी मासे सोडण्यात येतात. हे मासे डासांच्या अळ्या खातात. परंतु शेवाळाच्या दाट गादीत अळ्यांना आसरा मिळतो व तेथपर्यंत मासे पोहोचू शकत नाहीत. शिवाय दिवसा प्राणवायू सोडणारे शेवाळ रात्री तोच वायू शोषून घेते. त्यामुळे सूर्योदयापूर्वी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर तो धोक्याचा इशारा समजावा व तळ्यात ताजे पाणी उंचावरून सोडावे.

मोरचूद वापरताना सावधगिरी

शेवाळावर मोरचूद टाकण्याची पद्धत जुनी आहे. परंतु तिचे प्रमाण अत्यंत अल्प असते. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद व 1 मीटर खोल हौदात 6,000 लिटर पाणी मावते. दर लिटरला 1 मिलिग्रॅम या हिशेबाने त्यास अवघे 6 ग्रॅम मोरचूद लागते. अंदाजाने टाकलेले मूठभर, म्हणजे सुमारे 50 ग्रॅम, मोरचूद त्याच्या आठपटींहून अधिक होते. एवढ्या मात्रेने गप्पी मासे मरतात आणि डासांना मोकळे रान मिळते. पाण्याची अल्कता कमी असल्यास माशांना असलेला धोका वाढतो; ती फार जास्त असल्यास मोरचुदाचा गुण येत नाही. त्यातील तांबे नाहीसे न होता तळाच्या गाळात साचत राहते. याखेरीज, सर्व शेवाळ एकदम मेले तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. म्हणून मासे असलेल्या लहान तळ्यात मोरचूद टाळणेच हिताचे आहे.

करावयाचे उपाय

प्रथम शेवाळ हातानेच काढावे. खडबडीत काठी पाण्यात फिरवली असता तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात. मोठ्या तळ्यात लांब दांड्याचे दाताळे उपयोगी पडते. एका वेळी साधारण एक तृतीयांश भाग स्वच्छ करावा. काढलेले शेवाळ काही वेळ काठावर ठेवल्यास त्यातील लहान जलचर पाण्यात परततात. नंतर ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावे. काठावरच कुजू दिल्यास त्यातील द्रव्ये पुन्हा तळ्यात उतरतात.

दुसरे, तळ्याभोवती मातीचा लहानसा बांध घालून वाफ्यातील व अंगणातील पाणी बाहेर वळवावे. भांडी व जनावरे धुण्याची जागा दूर ठेवावी. पडलेली पाने वेळोवेळी काढावीत व उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी कमी असताना, तळाचा गाळ उपसावा.

तिसरे, पाण्यावर सावली करावी. निम्म्याहून थोड्या अधिक पृष्ठभागावर कमळाची किंवा कुमुदिनीची पाने पसरली की शेवाळाला ऊन कमी मिळते. जलपर्णी मात्र लावू नये. तिचा प्रसार आवरणे कठीण असते.

हे उपाय एकदा करून थांबता येत नाही. फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत आठवड्यातून एकदा तळ्याची पाहणी करणे आवश्यक आहे. शाळेच्या टाक्यापासून ही सवय लावता येईल. शेवाळाचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा विद्यार्थी पाणी हिरवे का होते, हे घरीही समजावून सांगू शकेल. ग्रामपंचायतीने सार्वजनिक हौदात गप्पी मासे सोडतानाच तेथील शेवाळ काढण्याची जबाबदारी ठरवून दिल्यास त्या माशांचा उपयोग खऱ्या अर्थाने होईल.