पानाबाहेरचा प्रबंध

प्रबंध म्हणजे एका बाजूला छापलेली, जाड पुठ्ठ्यात बांधलेली आणि वर सोनेरी अक्षरे उमटवलेली दोनतीनशे पाने, ही समजूत छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातच नव्हे, तर देशभर इतकी रुळली आहे, की हे रूप ज्ञानाच्या गरजेतून आले की विद्यापीठाच्या नियमातून, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्यांचे नाव १९९४ मध्ये या विद्यापीठाला दिले गेले, त्या डॉ. आंबेडकरांच्या स्वतःच्या पदवीकडे पाहिले तर उत्तर सापडते. कोलंबिया विद्यापीठात त्या काळी प्रबंध छापून त्याच्या प्रती जमा केल्याखेरीज पीएच.डी. बहाल होत नसे. त्यामुळे १९१६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधातून वाढवलेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने काढला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. छापील पुस्तकाची ही अट पुढे गेली, टंकलिखित प्रती चालू लागल्या, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक प्रतही सक्तीची केली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध आज प्रकरणवार पीडीएफ फाइलींच्या रूपात कोणालाही वाचता येतात. मात्र पीडीएफ म्हणजे कागदाचेच पडद्यावर आणलेले रूप असल्यामुळे या बदलाने प्रबंधाची साठवण बदलली, रचना बदलली नाही.

रचनाच बदलणारा प्रकार म्हणजे बहुमाध्यमी, संकेतस्थळावर मांडलेला प्रबंध. त्यात लिखित मजकुराच्या बरोबरीने ध्वनी, चलचित्र, छायाचित्र, नकाशा किंवा आराखडा ही माध्यमे युक्तिवादाचा काही भाग स्वतः उचलतात, आणि वाचक पानांच्या एकाच क्रमाने न जाता परस्परांना जोडलेल्या वेबपानांतून वाट काढतो. परिशिष्टात सीडी चिकटवणे किंवा तयार प्रबंध जसाच्या तसा संकेतस्थळावर चढवणे म्हणजे असा प्रबंध नव्हे. एखादे माध्यम काढून घेतल्यावर निष्कर्षाचा आधार सुटतो का, ही त्याची साधी कसोटी आहे. आधार सुटत नसेल तर ते माध्यम सजावट आहे, आणि सजावटीसाठी संशोधनाची तीन वर्षे पणाला लावण्यात शहाणपण नाही.

या कसोटीला उतरणारा विषय संभाजीनगरातच जमिनीखाली आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीसाठी, म्हणजे आजच्या या शहरासाठी, उभारलेली नहर-ए-अंबरी उत्तरेकडील डोंगराळ भागातले पाणी भूमिगत बांधीव नळांतून, केवळ उताराच्या बळावर, वस्तीतील हौदांपर्यंत आणत असे. अठराव्या शतकातील पाणचक्कीची नहर याच परंपरेतली आहे. या योजनेवरील प्रबंधात नहर कोणत्या मोहल्ल्यांखालून जाई हे शब्दांत लिहिता येते, पण पाणी कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, हा सामाजिक प्रश्न जुन्या नकाशावर आजचा नकाशा ठेवून आणि त्यावर जमिनीच्या उंचीचे आकडे चढवूनच नीट मांडता येतो, कारण उताराने चालणाऱ्या योजनेत पाण्याचे वाटप आधी भूगोल ठरवतो आणि मग सत्ता. नहरीकाठच्या कुटुंबांत पाण्याच्या ज्या आठवणी शिल्लक आहेत त्या दखनी उर्दूत आणि मराठवाडी मराठीत सांगितल्या जातात. त्या प्रमाण मराठीत उतरवल्या की माहिती राहते आणि बोलण्यातला अनुभव गळतो, म्हणून तेथे ध्वनिमुद्रण हाच पुरावा ठरतो. जायकवाडीचे पाणी काही दिवसांच्या अंतराने घेणाऱ्या आजच्या शहराला असा प्रबंध उघडून पाहावासा वाटेल, हा वेगळा लाभ. याउलट एखाद्या तालुक्यातील पीककर्जाच्या वाटपावरील प्रबंधाला कोष्टके आणि चांगले गद्य पुरेसे असते. त्यावर संकेतस्थळ उभारण्याचा हट्ट मार्गदर्शकाने वेळीच मोडून काढलेला बरा.

महाराष्ट्रात या पद्धतीचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत बोधप्रद दाखला पदवीसाठी झालेल्या कामाचा नाही. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांनी पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेमार्फत एक हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि संगणक व संगीत या दोन्ही क्षेत्रांचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांपैकी अनेक ओव्या गाणाऱ्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून त्यांचा माहितीकोश बांधला. प्वात्व्हँ २००४ मध्ये वारले. २०१७ पासून ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर या ओव्या मूळ मजकूर, अनुवाद, आवाज, छायाचित्रे आणि चलचित्रांसह प्रसिद्ध होऊ लागल्या. मूळ संग्राहकांपैकी एकाच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांनी हे शक्य झाले, ते प्रत्येक ओवीला क्रमांक, गाणारीचे नाव, गाव आणि विषयाचे वर्गीकरण जोडलेले होते म्हणून. अशा नोंदींना मेटाडेटा, म्हणजे सामग्रीविषयीची माहिती, म्हणतात. बहुमाध्यमी प्रबंधाच्या आखणीत संकेतस्थळाच्या रंगसंगतीवर महिने खर्च होतात आणि ही नोंदवही शेवटच्या महिन्यात आठवणीतून भरली जाते, हा क्रम पहिल्याच दिवशी उलटा करावा लागतो: पहिले ध्वनिमुद्रण करण्याआधी कोष्टकाचे रकाने ठरलेले असावेत आणि त्याच संध्याकाळी ते भरले जावेत.

परदेशांत पदवीसाठीच असे प्रबंध स्वीकारले गेले आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक प्रबंध सक्तीचा केला, व्हर्जिनिया कून यांनी २००५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी येथील शाखेत माध्यमांनी गुंफलेला प्रबंध सादर केला, मेरीलँड विद्यापीठात अमांडा विस्कॉन्टी यांनी २०१५ मध्ये जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ या कादंबरीची वाचकांना टिपा जोडता येतील अशी जाल-आवृत्ती हाच प्रबंध म्हणून मांडला आणि तिच्या सोबत तिच्या घडणीचे विवेचन दिले, तर ए. डी. कार्सन यांनी २०१७ मध्ये क्लेमसन विद्यापीठाला ३४ रॅपगीतांचा संग्रह प्रबंध म्हणून दिला. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांवर आणि भीमगीतांवर वाढलेल्या मराठवाड्यात, गाणे हा विचाराचा पुरावा असू शकतो हे वेगळे पटवून द्यावे लागू नये; तरीही येथे शाहिरीवरील प्रबंधात गाणे छापील ओळींपुरतेच उरते, ही आपल्या अभ्यासपद्धतीची उणीव आहे. कून यांच्या अनुभवात मात्र एक इशाराही आहे: त्यांचा प्रबंध टीके-थ्री नावाच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये रचलेला होता, ते पुढे वापरातून गेले आणि प्रबंध उघडणे हीच अडचण होऊन बसली.

हा इशारा अजिंठ्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी तरी गंभीरपणे घ्यायला हवा. रॉबर्ट गिल याने १८४० च्या दशकापासून कित्येक वर्षे राबून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८६६ च्या आगीत जवळजवळ सर्व जळाल्या, आणि त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्या प्रतींपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या; ग्रिफिथ्स यांचा १८९६-९७ मधील छापील ग्रंथ मात्र अनेक ग्रंथालयांत विखुरला गेल्यामुळे टिकला. संकेतस्थळाला आगीची गरज लागत नाही. त्याचे नाव म्हणजे डोमेन दरवर्षी पैसे भरून राखावे लागते, आणि बार्टी, सारथी किंवा महाज्योती या संस्थांची अधिछात्रवृत्ती संपली, नोकरीच्या शोधात दोन वर्षे गेली, की ते नूतनीकरण राहून जाते व प्रबंध जगाच्या दृष्टीने नाहीसा होतो. ॲडोब कंपनीने फ्लॅश हे तंत्र ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केले तेव्हा त्यावर रचलेली असंख्य शैक्षणिक पाने अशीच मुकी झाली. म्हणून आखणी करताना, ज्यांना माहितीकोशाची किंवा विशिष्ट सॉफ्टवेअरची गरज लागत नाही अशा साध्या एचटीएमएलच्या स्थिर पानांना पसंती द्यावी, चित्रांच्या व आवाजाच्या मूळ मोठ्या फाइली वेगळ्या जपाव्यात आणि संकेतस्थळावर त्यांच्या हलक्या प्रती ठेवाव्यात, ज्या मोबाइलवर कमी वेगाच्या इंटरनेटवरही उघडतील. संपूर्ण स्थळाची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आणि एक युरोपातील सर्न या संस्थेच्या झेनोडोसारख्या मुक्त भांडारात ठेवता येते. तेथे त्या प्रतीला डीओआय म्हणजे कायमचा ओळखक्रमांक मिळतो आणि पत्ता बदलला तरी संदर्भ तुटत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसमोर आणखी एक अडचण असते, ती टंकाची. अनेक प्रबंध डीटीपी सेंटरमध्ये युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित होतात. कागदावर ते देखणे दिसतात, पण वेबपानावर आणताच मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात आणि शोधयंत्राला त्यातला एकही शब्द सापडत नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात टंकलेखन होईल, हे टंकलेखकाला पहिल्या प्रकरणाआधी बजावणे हे या आखणीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी काम आहे. आवाजाचे लिखित रूप आणि चित्रांचे वर्णन त्याच मजकुरात दिले, तर पडदावाचक सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकालाही प्रबंध खुला होतो.

संमती आणि हक्क यांचा विचार क्षेत्रकार्याआधीच करावा लागतो. संशोधनासाठीच्या वाजवी वापराला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे, पण तीच सामग्री साऱ्या जगासाठी जालावर खुली करणे त्या मुभेत बसेलच असे नाही, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताला आपल्या सादरीकरणावर वेगळा हक्क असतो. त्यामुळे आवाज देणाऱ्या व्यक्तीला तिच्या भाषेत, हा आवाज प्रबंधात, संकेतस्थळावर आणि किती काळ राहणार, हे समजावून लेखी किंवा ध्वनिमुद्रित संमती घ्यावी लागते. ‘अभ्यासासाठी’ एवढ्या मोघम शब्दावर घेतलेली संमती संकेतस्थळाला पुरत नाही. अजिंठा-वेरूळसारख्या संरक्षित स्मारकांत तिवई लावून चित्रीकरण करायचे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, आणि ती मिळण्यास जाणारा वेळ वेळापत्रकात धरलेला असावा.

नियमांची चौकट या सगळ्याला पूर्ण बंद नाही आणि पूर्ण खुलीही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात, संशोधन सल्लागार समितीसमोर दर सहामाहीस प्रगती मांडावी लागते, मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बहिःस्थ परीक्षक प्रबंध तपासतात आणि मौखिक परीक्षा खुली असते. खुल्या मौखिकीत पडद्यावर संकेतस्थळ उघडून युक्तिवाद मांडणे सहज शक्य आहे; खरा पेच त्याआधीच्या टप्प्यात आहे, कारण दूरच्या विद्यापीठातील परीक्षकाला नेमके काय वाचायचे, कोठे थांबायचे आणि कशाचा हवाला कसा द्यायचा, हे कळले पाहिजे. त्यासाठी संकेतस्थळावर एक मुख्य वाचनमार्ग आखून द्यावा, परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, सादर केल्याच्या तारखेनंतर त्या आवृत्तीत अक्षरही बदलू नये आणि इंटरनेटविना उघडणारी प्रत पेनड्राइव्हवर सोबत द्यावी. वाङ्मयचौर्य तपासणारे सॉफ्टवेअर मुख्यतः मजकूर पाहते, चित्र किंवा आवाज पाहत नाही. म्हणून त्यांचा उगम नोंदवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर अधिकच पडते. प्रोग्रॅमिंगमध्ये दुसऱ्याची मदत घेतली असेल तर ती कोणती, हेही स्पष्ट लिहावे लागते.

एम.ए.च्या विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्पासाठी हाती पडणारा वेळ पाहता त्याने मजकुराच्या जोडीला एकच माध्यम आणि एकच लहान संग्रह घ्यावा. दहा मुलाखती नीट नोंदवून, उतरवून, विवेचनासह मांडणे हे शंभर छायाचित्रांच्या दालनापेक्षा कठीण आहे आणि परीक्षकाला अधिक सांगणारेही आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने आजच्या स्थितीत दोन्ही रूपांची तयारी ठेवावी: शोधगंगेत जाणारी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी पीडीएफ प्रत आणि तिच्यात न मावणारा पुरावा बाळगणारे संकेतस्थळ. हे दुप्पट काम आहे, आणि ते विद्यार्थ्यावर टाकणे फारसे न्याय्य नाही. विद्यापीठांना त्यातली निम्मी अडचण एका कागदाने सोडवता येईल. संशोधन व मान्यता समितीपुढे येणाऱ्या सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधन आराखड्याच्या, नमुन्यात प्रबंधाचे रूप कोणते, त्यातील कोणता भाग परीक्षणासाठी आणि त्याची प्रत कोण जपणार, असे तीन रकाने त्यांनी वाढवावेत. तो नमुना विद्यापीठच ठरवते. तोवर विद्यार्थ्यांनी हेच तीन प्रश्न नोंदणीआधी लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच मागावे.