व्हिडिओ गेममधून जपानी : खेळ किती, अभ्यास किती?

जपानी भाषा शिकू लागलेल्या मराठी माणसाचे पहिले काही महिने मोठ्या उत्साहात जातात. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची मूळ अक्षरे प्रत्येकी ४६. त्यांचा आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रमही फारसा परका वाटत नाही; बौद्ध ग्रंथांबरोबर जपानमध्ये पोहोचलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासाचा त्यावर प्रभाव आहे, म्हणजे आपल्या वर्णमालेशी त्याचे दूरचे नाते आहे. मराठीप्रमाणेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामांना विभक्तिप्रत्ययांसारखी अव्यये जोडली जातात. खरी चढण पुढे लागते. नित्य वापरासाठी जपान सरकारने ठरविलेल्या कांजी चिन्हांची संख्या २,१३६ आहे आणि त्यांतील अनेकांचे उच्चार एकाहून अधिक आहेत. पाठ्यपुस्तक संपलेले असते, पण वृत्तपत्र वाचता येत नाही, अशा या मधल्या टप्प्यात अनेकांचा अभ्यास सुटतो.

ही पोकळी भरून काढण्यासाठी जगभरातील विद्यार्थी गेली अनेक वर्षे जपानी व्हिडिओ गेमकडे वळत आहेत. हा अभ्यास आहे की अभ्यासाच्या नावाखाली चाललेली करमणूक, हा प्रश्न पुण्या-मुंबईत नोकरी सांभाळून जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या दृष्टीने गमतीचा नाही. दिवसाकाठी हाती लागणारा तास-दीड तास कोठे खर्च करावा, याचा तो हिशेब आहे.

मुलांसाठीचा मजकूर

१९८६ साली फॅमिकॉमवर आलेला 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि १९९६ साली गेम बॉयवर आलेला 'पोकेमॉन' या दोहोंतील मजकूर कांजीविना, निव्वळ काना अक्षरांत आहे. त्यामागचे कारण तांत्रिक होते. पडद्यावरील आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत काना अक्षर मावत असे, गुंतागुंतीची कांजी मावत नसे. शिवाय साठवणक्षमता तुटपुंजी होती. नवशिक्याला हे वरदान वाटते, परंतु ते अर्धेच खरे आहे. नुसते 'हाशी' असे लिहिले तर तो पूल, जेवणाच्या काड्या की कडा, हे संदर्भावरूनच ओळखावे लागते. कांजी अवघड खरी, पण ती अर्थ एका दृष्टिक्षेपात सांगते. 'पोकेमॉन'च्या २०१० मधील 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' या आवृत्त्यांत काना किंवा कांजी यांपैकी हवे ते निवडण्याची सोय आली.

त्याहून उपयुक्त सोय फुरिगानाची. कांजीच्या डोक्यावर बारीक काना अक्षरांत तिचा उच्चार छापण्याची ही पद्धत शाळकरी मुलांच्या पुस्तकांत रूढ आहे आणि २०१३ च्या 'योकाई वॉच'सारख्या मुलांच्या गेममध्येही आढळते. उच्चार कळला की शब्दकोशात शब्द सापडतो. हा एक अडसर दूर झाला तरी वाचनाचा वेग पुष्कळ वाढतो. आरंभ करावयाचा तर अशाच गेमपासून करावा.

पुनरावृत्तीचा लाभ तर अशा गेममध्ये फुकटच मिळतो. 'तताकाऊ' म्हणजे लढणे, 'निगेरू' म्हणजे पळणे, 'शिराबेरू' म्हणजे तपासणे. ही क्रियापदे शेकडो वेळा डोळ्यांखालून जातात. मराठीतील लखलख, धडधड यांच्या जातीचे 'किराकिरा', 'दोकिदोकी' हे शब्दही ओघाने येतात. पिकाचू या नावातही विजेच्या लकाकीचा 'पिका' आणि उंदराच्या आवाजाचा 'चू' दडलेला आहे.

साक्ष वाचावीच लागते

मारधाडीच्या गेममध्ये मात्र मजकूर न वाचता पुढे जाता येते, आणि माणूस नेमके तेच करतो. म्हणून गेमची निवड महत्त्वाची. या दृष्टीने २००१ साली प्रथम आलेली 'ग्याकुतेन साइबान' ही न्यायालयीन मालिका लक्षणीय आहे. त्यातील नवोदित वकिलाला साक्षीदाराची जबानी एकेक वाक्य करून तपासावी लागते आणि पुराव्याशी न जुळणारे विधान हेरून 'इगी आरी!', म्हणजे 'हरकत आहे!' असे गर्जावे लागते. जबानीचा अर्थ लागला नाही तर खटला पुढे सरकत नाही. मजकूर खेळाडूसाठी थांबून राहतो, त्यामुळे शब्दकोश उघडायला सवड मिळते. विसंगतीसाठी येथे वारंवार येणारा 'मुजुन' हा शब्द भाला आणि ढाल या दोन कांजींचा बनला आहे. कशालाही भेदणारा भाला आणि कशानेही न भेदणारी ढाल एकाच वेळी विकू पाहणाऱ्या व्यापाऱ्याच्या चिनी कथेतून तो आला. अशी कथा कळली की शब्द सहसा विसरत नाही. या मालिकेतील पहिल्या तीन गेमचा २०१९ चा संच जपानी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत खेळता येतो, हीही जमेची बाजू.

बघणाऱ्याला अधिक आठवले

मात्र केवळ खेळल्याने शब्द आपोआप मुरतात, या समजाला संशोधनाने धक्का दिला आहे. जोनाथन डेहान व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८० जपानी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जोड्या करण्यात आल्या. एकाने इंग्रजी संगीताचा गेम खेळायचा आणि दुसऱ्याने तो बघायचा. शब्द अधिक आठवले ते बघणाऱ्याला! खेळणाऱ्याचे लक्ष कळा दाबण्यात गुंतले होते. दोन आठवड्यांनी तर दोघेही बरेचसे विसरले. हा प्रयोग एका वेगवान गेमचा आणि इंग्रजीचा, त्यामुळे तो जसाच्या तसा सर्वत्र लागू करता येणार नाही. पण संथ गेम निवडणे, दोघांनी मिळून बसणे, एकाने खेळताना दुसऱ्याने शब्द टिपणे आणि दुसऱ्या दिवशी ते उजळणीला घेणे या सवयींना त्यातून आधार मिळतो. टिपणवहीशिवाय खेळलेला तास करमणुकीच्या खात्यावर लिहिलेला बरा.

मुलाखतीत सामुराई

दुसरा धोका बोलीचा. गेममधील म्हातारा स्वतःला 'वाशी' म्हणतो, सामुराई वाक्याच्या अखेरीस 'दे गोझारू' लावतो. पात्र ओळखू यावे म्हणून योजलेल्या या कृत्रिम भाषेला भाषाशास्त्रज्ञ किन्सुई सातोशी यांनी 'याकुवारीगो', म्हणजे भूमिकेची भाषा असे नाव दिले. त्यावरील त्यांचे पुस्तक २००३ साली आले. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'र्यू गा गोतोकु' मालिकेतील टोळीवाल्यांची भाषा ऐकायला रंगतदार, पण कचेरीत सर्वस्वी निषिद्ध. मराठीत आपण 'तू', 'तुम्ही', 'आपण' असा भेद करतो. जपानी आदरार्थी भाषेत अनेकदा क्रियापदच बदलते. मुलाखतीत स्वतःला 'ओरे' आणि समोरच्याला 'ओमाए' म्हणणाऱ्याची पुढची फेरी होणे कठीणच. प्रावीण्य परीक्षेतही संभाषणाची चाचणी नसते, त्यामुळे गेम आणि परीक्षा या दोहोंच्या आधारे तयार झालेला विद्यार्थी वाचतो चांगले, पण बोलायला उभा राहिला की अडखळतो. त्यासाठी शिक्षक किंवा सोबती हवाच.

यंत्र घेण्यापूर्वी

निन्टेंडोच्या 'थ्रीडीएस'वर जपानी गेमसाठी जपानीच यंत्र लागत असे. 'स्विच'वर ते बंधन नाही आणि अनेक गेममध्ये जपानी मजकूर आधीपासूनच असतो. यंत्राची भाषा बदलली की तो दिसू लागतो. जून २०२५ मध्ये आलेल्या 'स्विच २'ची तेव्हा ४९,९८० येनला मिळणारी आवृत्ती मात्र केवळ जपानी भाषेत चालते आणि जपानमधील खातेच स्वीकारते. त्या वेळी जपानमध्ये बहुभाषी आवृत्तीची किंमत ६९,९८० येन होती. जपानहून येणाऱ्या नातलगाला स्वस्त यंत्र आणायला सांगताना ही अट आधी वाचून घ्यावी.