नमुना सहा-क आणि परग्रहवासी

मयत खातेदार कोण, त्याचे वारस किती, त्यांपैकी हयात कोण आणि परागंदा कोण, आणि ज्याच्याविषयी साऱ्या गावात कुजबुज आहे परंतु दप्तरात ज्याच्या नावाचे एक अक्षरही नाही असा कोण, या प्रश्नांची उत्तरे नमुना सहा-कच्या रकान्यांत बसविण्यात ज्याची उभी नोकरी तालुक्याच्या कचेरीत गेली, त्याने फावल्या वेळी परग्रहावरील जमातींच्या वंशावळी मांडीत बसावे, यात मला स्वतःला तरी काही विपरीत वाटत नाही. विपरीत असेल तर इतकेच, की या उद्योगात मी एकटा नव्हतो. रांजणगावात आम्ही चौघे होतो, आणि चाळीस वर्षांमागे सुरू झालेले ते प्रकरण आजतागायत पुरते निकाली निघालेले नाही.

त्या वेळचे रांजणगाव आजच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभे करणे कठीण. आता पुण्याकडून नगर रस्त्याने येताना औद्योगिक वसाहतीच्या भिंती लागतात, आणि ज्या गावात एकुलता एक दूरचित्रवाणी संच पाहण्यासाठी आम्ही रविवारी सकाळी आंघोळी उरकून धावत असू, त्याच गावाच्या शिवारात आता तसले संच कारखान्यांतून बाहेर पडतात. तेव्हा महागणपतीचे देऊळ, यात्रेकरूंच्या एस.टी. गाड्या, बाजरी-ज्वारीची शेते आणि उन्हाळ्यात पाण्याची विवंचना, एवढाच गावाचा पसारा होता. संच होता वायरमनच्या घरी; कारण सिंहगडावरचे प्रक्षेपण केंद्र १९७३ सालीच सुरू झालेले असले तरी तेथून निघालेली लहर आमच्यापर्यंत पोहोचेतो इतकी क्षीण होत असे, की तिला धरण्यासाठी लागणारी उंच नळी उभी करण्याचे धाडस आणि साहित्य त्या एकाच गृहस्थापाशी होते. तो धाब्यावर चढून नळी फिरवी, आणि खाली संचापुढे चित्रकलेचे मास्तर आणि देवळापाशी हार-नारळ विकणाऱ्या घरातला एक तरुण पहारा करीत.

“मास्तर, आलं का?” वरून हाक येई.

“मुंग्याच हायेत अजून,” मास्तरांच्या आधी तो तरुणच ओरडे, “जरा गडाकडं वळव. आनखी. हां, थांब, कान दिसाया लागले!”

ते कान स्पॉकचे. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात होऊन गेलेली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका दूरदर्शनने १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास रविवारी सकाळी दाखविली, आणि ती आमच्यापर्यंत दोन वैगुण्यांसह पोहोचली. पहिले असे, की संच कृष्णधवल होता. म्हणजे मालिकेतील पात्रांच्या कातडीवर रंगभूषाकाराने जे जे भेद रंगवून ठेवले होते ते सर्व आमच्या येथे एकाच राखाडी छटेत विलीन होत. दुसरे, आणि मोठे, वैगुण्य असे, की इंग्रजी संभाषणापैकी चार आण्यांचेही आमच्या पदरी पडत नसे. मास्तरांचे इंग्रजी रंगांच्या डब्यांवरील अक्षरांपुरते, आणि माझे सरकारी परिपत्रकांपुरते. कथानक जेथे कळत नाही तेथे माणूस चेहरे वाचू लागतो. आणि चेहरे वाचू लागला की ‘हा कोणाचा कोण’ हा प्रश्न, निदान आमच्या मुलखात तरी, आपोआप जिभेवर येतो. इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षकाने जे संवादांतून ऐकून सोडून दिले असेल, ते आम्ही कान, भुवया आणि जबडे यांच्यावरून पुराव्यानिशी सिद्ध करावयास बसलो.

पहिलेच प्रकरण व्हल्कन, म्हणजे स्पॉकची जमात, आणि रोम्युलन यांचे. डिसेंबर १९६६ मध्ये मूळ प्रसारित झालेल्या त्या भागात अशी हकिकत आहे, की पृथ्वीवासी आणि रोम्युलन यांचे शंभर वर्षांपूर्वी युद्ध झाले, तह झाला, दोहोंमध्ये कोणीही पाऊल टाकू नये असा तटस्थ पट्टा ठरला, परंतु या सबंध व्यवहारात एका पक्षाने दुसऱ्याचे तोंड म्हणून पाहिले नाही. आणि मग एके दिवशी पडद्यावर शत्रूचा चेहरा प्रकट होतो, तो स्पॉकसारखाच, टोकदार कानांचा. हे दृश्य पाहून आमच्यापैकी कोणालाही दुभाष्याची गरज पडली नाही. “अहो भाऊसाहेब, ही तर भाऊबंदकी!” मास्तर मला म्हणाले. एका कुळाच्या दोन शाखा फुटल्या, एक घर सोडून दूर गेली, मध्ये बांध पडला, आणि तिसऱ्याच्या भांडणात अचानक नाकडोळे जुळले. असली प्रकरणे मी दर महिन्यास हाताळीत होतो. तटस्थ पट्ट्याला आम्ही त्या दिवसापासून ‘सामाईक बांध’ म्हणू लागलो.

मास्तरांनी एक दोनशे पानी वही आखली, आणि माझ्या सल्ल्याने तिचे रकाने थेट वारस नोंदवहीबरहुकूम पाडले: अनुक्रमांक, मयत खातेदार, वारसांची नावे, पुरावा, आणि शेवटी शेरा. ‘मयत खातेदार’ या रकान्यात त्या जमातीचा संभाव्य मूळपुरुष यावयाचा. नोंद घातल्यावर पंधरा दिवस हरकतीसाठी सोडावयाचे, आणि हरकत न आल्यास नोंद प्रमाणित समजावयाची, असा नियम होता. एकदा या वहीचे एक सुटे पान माझ्या हातून कचेरीतल्या खऱ्या वारस प्रकरणात गेले, आणि साहेबांनी मला बोलावून अत्यंत गंभीरपणे विचारले, की हे स्पॉक कोणत्या गावचे, आणि यांच्या वडिलांचा मृत्यूचा दाखला का जोडलेला नाही. माझा जबाब काय झाला ते येथे सांगत नाही.

वडिलांवरून आठवले. या मागोव्यात मला आजही सर्वांत मौजेचा वाटणारा शोध मास्तरांचा आहे. स्पॉकचा पिता सारेक म्हणून १९६७ च्या एका भागात जो गृहस्थ येतो, तो मास्तरांनी पाहताक्षणी ओळखला. रोम्युलनांचा सरदार तो हाच. जबड्याची ठेवण तीच, डोळ्यांतील थकवाही तोच. पुढे काही वर्षांनी पुण्याहून भाड्याने आणलेल्या फितीवर १९७९ चा चित्रपट पाहिला, तेव्हा त्यातील क्लिंगॉन या आणखी एका जमातीच्या नौकेच्या नायकाच्या कपाळावरील वळकट्यांखालीही मास्तरांनी तोच चेहरा शोधून काढला, आणि तो शोध बरोबर होता; तिन्ही भूमिका मार्क लेनर्ड या एकाच नटाने केल्या होत्या. शहरातील प्रेक्षकाने यास योगायोग म्हटले असते. परंतु आम्ही नारायणगावच्या तमाशाच्या फडांवर वाढलेली माणसे. वगात जो पहिल्या प्रवेशात राजा असतो तोच फेटा बदलून तिसऱ्यात सुभेदार होतो, आणि प्रेक्षक त्यास ओळखूनही दोघांना दोन मानतो, किंबहुना राजाचा अन्याय सुभेदाराच्या तोंडावर त्याला पुन्हा दिसतो. वहीत त्या दिवशी नोंद पडली: तीन कुळे, एक चेहरा, पुरावा प्रत्यक्ष दर्शन.

यामागचे व्यावहारिक कारण आम्हांस फार उशिरा कळले. टोकदार कान तयार करणे खर्चाचे काम होते. म्हणून त्या पहिल्या भागात दुय्यम रोम्युलन शिपायांच्या डोक्यांवर शिरस्त्राणे चढवून त्यांचे कान झाकले होते. क्लिंगॉन मंडळीही १९६० नंतरच्या त्या मालिकेत काळपट रंग आणि मिशा यांवर भागवीत होती. चित्रपटासाठी पैसा हाती आला तेव्हा त्यांना कपाळ मिळाले. म्हणजे ज्या भेदांवर आणि साम्यांवर देशोदेशीच्या चाहत्यांनी वंशशास्त्र रचले, त्यांचे मूळ बरेचसे जमाखर्चाच्या वहीत होते. मला याने निराश केले नाही. खऱ्या घराण्यांच्या शाखाही दुष्काळ, कर्ज आणि वाटणी यांच्यापायीच फुटतात.

क्लिंगॉनांच्या कपाळाचा प्रश्न मात्र आम्ही फार प्रेमाने बाळगला. एकाच जमातीची कपाळे १९६९ पर्यंत गुळगुळीत आणि १९७९ पासून वळकट्यांची, हे कसे? वायरमनचे मत, की दोन निराळ्या जाती एका नावाखाली नांदत असाव्यात. मास्तरांचे मत, की गुळगुळीत कपाळे ही दत्तक शाखा. १९९६ साली, मालिकेच्या तिसाव्या वर्षी, त्याच विश्वातील एका नव्या मालिकेत पात्रे भूतकाळात जातात आणि वॉर्फ या वळकट्यांच्या क्लिंगॉनाला त्याचे गुळगुळीत पूर्वज दाखवून खुलासा विचारला जातो. तो इतकेच सांगतो, की ही गोष्ट आम्ही परक्यांशी बोलत नाही. एव्हाना केबल आली होती आणि आमचे इंग्रजीही थोडे सुधारले होते. आम्ही अक्षरशः टाळ्या वाजविल्या. घराण्यातील वगळलेल्या शाखेविषयी विचारले असता जुना पाटील खाकरून पानाला चुना लावू लागतो, तोच हा जबाब होता.

त्याच्या तीन वर्षे आधी, १९९३ मध्ये, लेखकांनी मोठाच डाव टाकला होता. त्या वर्षीच्या एका भागात निरनिराळ्या ग्रहांवरील जीवांच्या गुणसूत्रांतील तुकडे जोडले असता एक प्राचीन स्त्री प्रकट होऊन सांगते, की मानव, क्लिंगॉन, रोम्युलन आदी सर्वांचे बीज तिच्या जमातीने पेरले. हार-नारळवाला तरुण, जो आता दुकानाचा धनी झाला होता आणि ज्याचे सर्व शिक्षण कीर्तनांतून झाले होते, मुळीच चकित झाला नाही. “हे तर कश्यपाचं झालं,” तो म्हणाला. अदितीचे आदित्य, दितीचे दैत्य, दनूचे दानव, कद्रूचे नाग, विनतेचे गरुड आणि अरुण. देव आणि दैत्य, साप आणि सापाचा वैरी, सर्वांचा बाप एक, आणि तरी कोणाचेही वैर त्यामुळे कमी झाले नाही. ज्या गावात त्रिपुरासुराच्या तीन फिरत्या नगरांचा संहार करण्यापूर्वी शंकराने गणेशाचे स्तवन केले अशी श्रद्धा आहे, आणि ज्या देवळाच्या तळघरात दहा सोंडांची आणि वीस हातांची मूळ मूर्ती असल्याचे सांगतात, त्या गावात वाढलेल्या माणसाला परग्रहवासीयांनी चकित करावयाचे म्हणजे बरीच तयारी पाहिजे. “दहा सोंडा त्यांच्या रंगभूषाकाराला परवडल्या नसत्या,” ही मास्तरांची पुरवणी.

येथे एक खुलासा करून ठेवतो. बाळ भागवत यांच्या लेखणीतून डेनिकेनचा सिद्धांत मराठीत आला तेव्हा, देव म्हणजेच परग्रहावरील अंतराळवीर असे मानणारे पुष्कळ निघाले, आणि आमच्याही कट्ट्यावर ते पुस्तक हातोहात फिरले. मला ते मान्य झाले नाही. आमची वही ही कल्पित जमातींची कल्पित नोंद होती आणि तसे आम्हांस ठाऊक होते. डेनिकेनचा उद्योग मला दुसऱ्याच्या वतनावर बनावट सनद पुढे करण्याच्या जातीचा वाटतो.

२००५ साली क्लिंगॉनांचे प्रकरण निकाली निघाले. त्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्रसारित झालेल्या दोन भागांत खुलासा आला, की मानवी जनुकांशी केलेल्या खटपटीतून उद्भवलेल्या एका साथीने त्यांची कपाळे सपाट झाली. खुलासा चोख होता, पुराव्यात फट नव्हती, आणि तो कळल्यावर आम्ही चौघे बराच वेळ काही बोललो नाही. मास्तरांनी शेरा लिहिला, “निकाली,” आणि वही बंद केली. त्यानंतर क्लिंगॉनांविषयी आमच्यात बोलणे झाल्याचे मला आठवत नाही.

परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये उंचावरील हवेचे नमुने आणण्याच्या प्रयोगासाठी हैदराबादहून एक फुगा वर गेला होता. आम्हांस याचा पत्ता मार्च २००९ मध्ये वर्तमानपत्रांतून लागला. डॉ. जयंत नारळीकर हे त्या प्रयोगाचे प्रमुख होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ अशी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविणारे आणि पहिले बक्षीस घेणारे ते नारळीकर. त्यांच्या ‘यक्षांची देणगी’मधील ‘यक्ष’ या एका शब्दावर मास्तरांनी आमच्या वहीतील दोन पाने खर्ची घातली होती. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरून आणलेल्या हवेत जीवाणूंच्या आणि बुरशीच्या वसाहती सापडल्या. हैदराबादच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत त्यांची जनुके ज्ञात जातींशी ताडून पाहिली, तेव्हा बहुतेकांचे कूळ पृथ्वीवरचेच निघाले. तीन जाती मात्र नव्या ठरल्या. त्या आपल्या निकटच्या भाऊबंदांपेक्षा अतिनील किरणांना अधिक दाद न देणाऱ्या होत्या. त्यांपैकी एकीस नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांच्यावरून ‘जॅनिबॅक्टर हॉयली’ असे नाव दिले गेले. जीवन अंतराळातून पृथ्वीवर उतरले, असे हॉयल यांनी चंद्रा विक्रमसिंघे यांच्यासह अनेक वर्षे प्रतिपादन केले होते. शास्त्रज्ञांनी मात्र, या जाती पृथ्वीबाहेरच्या आहेत असे यावरून सिद्ध होत नाही, हे तेव्हाच स्पष्ट केले. कान नाहीत, कपाळ नाही, रंगभूषा नाही. चेहऱ्यावरून कूळ ओळखणाऱ्या आम्हां मंडळींची येथे सारी विद्या संपली.

२० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात निवर्तले. त्या संध्याकाळी मी मास्तरांकडे गेलो. ते आता ऐंशीच्या पलीकडे गेले आहेत, आणि वायरमन मागेच वारला. मास्तरांनी माळ्यावरून वही काढवून घेतली, चष्मा पुसला, आणि शेवटचे लिहिलेले पान माझ्यापुढे सरकविले. २००९ मध्ये ही नोंद त्यांनी केली होती हे मला ठाऊकच नव्हते. वारस या रकान्यात, त्यांच्या सुरेख वळणाच्या अक्षरात, ‘जॅनिबॅक्टर हॉयली.’ मयत खातेदाराचा रकाना कोरा. शेऱ्यात पेन्सिलीने, “हरकतीची मुदत चालू.”

“पंधरा दिवस केव्हाच होऊन गेले, मास्तर,” मी म्हणालो.

“नोटीस पोहोचायला हवी की नको, भाऊसाहेब?” असे म्हणून त्यांनी वही मिटली आणि आतल्या खोलीकडे पाहून चहा टाकावयास सांगितले.