पाषाण निर्जीव असेल, निश्चल नाही

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण पिढ्यान्‌पिढ्या जागचा हललेला नाही. त्यामुळे खडक म्हणजे कायमचा स्थिर, अशी आपली समजूत झाली आहे. धूर न सोडणारी वीज हवी असेल, तर ही समजूत आधी तपासायला हवी.

गैरसमज : स्वच्छ वीज ऊन-वाऱ्याची, खडकाचा तिच्याशी काय संबंध?
वस्तुस्थिती : कोयनेची बरीचशी वीज सह्याद्रीच्या पोटातल्या वीजगृहांत तयार होते. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाखाली राखलेला शेवटचा खडक सुरुंगाने उडवून पाणी बोगद्यात घेतलं. खडक कुठे अखंड, कुठे भेगाळलेला, हे आधी कळल्याशिवाय असं काम होत नाही.

गैरसमज : खाली कितीही खोदा, काळा पाषाणच लागणार.
वस्तुस्थिती : कोयना परिसरात हा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, काही ठिकाणी सुमारे सव्वा किलोमीटरवर संपतो आणि ग्रॅनाइट सुरू होतो. कराडच्या बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या प्रकल्पात २०१७ साली तीन किलोमीटर खोल विंधन पूर्ण झालं, तेव्हा या ग्रॅनाइटचे नमुने हाती आले.

गैरसमज : अशा विंधनामुळेच भूकंप होतील.
वस्तुस्थिती : वीतभर रुंदीचं हे छिद्र मोजमापासाठी आहे. खरी काळजी भेगांत दाबाने शिरणाऱ्या पाण्याची. भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या सरकू शकणाऱ्या भेगेच्या, दोन बाजू एकमेकींना घट्ट धरून असतात. पाण्याचा दाब ही पकड सैल करतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला २००६ साली भूगर्भातील उष्णतेसाठी खोल पाणी दाबल्यामुळे ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प थांबवावा लागला.

गैरसमज : हवेत जाऊ नये म्हणून जमिनीत सोडलेला कार्बन डायऑक्साइड कधीतरी वर येणारच.
वस्तुस्थिती : आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत खनिज बनला. खडकातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन कॅल्साइट तयार होतं. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतही हे खनिज सापडतं. मात्र तिथला बेसाल्ट तरुण, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या बऱ्याच पोकळ्या आधीच भरलेल्या. म्हणून तिथलं उत्तर इथे जसंच्या तसं लागू पडणार नाही. आपला खडक आपणच तपासायला हवा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा धरणाचं पाणी आणि खोल खडक यांचं नातं नीट कळलेलं नव्हतं. तो धडा माणसांच्या जिवावर शिकावा लागला. यापुढे खडकात पाणी किंवा वायू सोडण्याआधी त्याचा स्वभाव जाणून घेणं, हे त्या माणसांचं आपल्यावरचं ऋण आहे.