रिमोट मोबाईलमध्ये गेला, आणि अम्मींचा टीव्ही बंद झाला

गेल्या रमजानमधली गोष्ट. सेहरीला उठलो की टीव्हीचे भिंतीवरचे बटण बंद दिसायचे. आम्हांला वाटले, अम्मी वीज वाचवतात. इस्राफ त्यांना खपत नाही. नळ ठिबकला तरी अंथरुणातून उठून जातात. म्हणून कोणी काही विचारले नाही.

हरममधली तरावीह थेट पाहायची अम्मींना फार ओढ. मक्केचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथे ईशा होऊन तरावीह सुरू होते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. आपल्या मशिदीतून परतलेली मंडळी तोवर आडवी होतात. अम्मी मात्र हातात तसबीह घेऊन दिवाणाच्या कडेला बसत. पण दुसरा अशरा लागला आणि त्यांनी टीव्ही लावणेच सोडले. विचारले तर म्हणाल्या, डोळे दुखतात.

खरे कारण मुलीने काढले. "दादी, तुम्ही आता हरम का लावत नाही?" यावर त्या तिला हळूच म्हणाल्या, "आवाज कमी करता येत नाही गं बेटा. लहानग्याची झोप मोडते. रिमोट तुझ्या भावाच्या फोनात, आणि फोन त्याच्या उशाखाली. रोज त्याला कसे उठवू?" आवाज आवरता येत नाही म्हणून त्या सरळ भिंतीवरचे बटण बंद करत होत्या. सकाळी ते चालू केले की डिशचा डबा पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि आपल्या मर्जीच्या जाहिरातींच्या चॅनलवर जाऊन थांबायचा, तोही मोठ्या आवाजात. त्यावरून आम्ही दोनदा मुलालाच रागावलो होतो!

झाले होते असे. आमच्या घरात तीन रिमोट होते: टीव्हीचा, डिशच्या डब्याचा आणि स्पीकरचा. टीव्हीच्या रिमोटचे झाकण हरवलेले, सेल रबराने बांधलेले. डिशच्या रिमोटचे मधले बटण आत गेलेले. मुलाच्या फोनमध्ये रिमोटची सोय निघाली. त्याने एका संध्याकाळी तिन्ही रिमोट त्यात बसवले. आम्ही कौतुक केले, जुन्या रिमोटचे सेल काढून ठेवले आणि ते खणात टाकून दिले. अम्मींना कोणी विचारले नाही, हे आता लिहितानाही खटकते.

मुलाने केले त्यात चूक नव्हती. अनेक घरांत आज हेच चालले आहे, म्हणून ते चालते कसे हे समजून घ्यायला हवे.

रिमोटच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. त्याचा प्रकाश इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा. डोळ्याला न दिसणारा. बटण दाबले की हा दिवा ठरावीक क्रमाने उघडझाप करतो. अंधारात दोन मुले टॉर्च लावून-विझवून खुणा करतात ना, तसेच. टीव्हीच्या पुढच्या बाजूला या खुणा वाचणारा डोळा असतो. आता ऊन, गॅसची शेगडी, साधा बल्ब, या सगळ्यांतूनही इन्फ्रारेड निघतोच. मग टीव्हीला आपली खूण ओळखू यावी कशी? त्यासाठी रिमोटचा प्रकाश सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकतो आणि टीव्हीचा डोळा तेवढ्याच लुकलुकीकडे लक्ष देतो. काही कंपन्या 36 किंवा 40 हजारही वापरतात. खुणांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून एकाच्या रिमोटने दुसऱ्याचा टीव्ही लागत नाही. पण ज्या यंत्राला या सगळ्या भाषा शिकवता येतील, ते सगळ्यांचा रिमोट होऊ शकेल. हातात मावणारा संगणक नेमका हेच करतो.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत झेनिथ कंपनीने 1950 मध्ये वायरचा रिमोट काढला. माणसे त्या वायरला अडखळत. 1955 मध्ये यूजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोताने चालणारा रिमोट केला, पण पडद्याच्या कोपऱ्यांवर ऊन पडले तरी टीव्ही आपोआप चालायचा. 1956 मध्ये रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा रिमोट आला. त्यात सेलच नव्हते! बटण दाबले की आत छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आदळायची आणि माणसाला ऐकू न येणारा बारीक नाद टीव्हीला जायचा. इन्फ्रारेड त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रुळला. आपल्याकडे तोवर टीव्हीला लाकडी शटर आणि चॅनल फिरवायची खुंटी होती, आणि रिमोटचे काम घरातल्या सगळ्यात धाकट्याकडे असायचे.

रिमोट वाढले, तसा एकाच रिमोटात सगळे आणण्याचा खटाटोप सुरू झाला. ॲपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी 1987 मध्ये दुसऱ्या रिमोटच्या खुणा शिकून घेणारा रिमोट बाजारात आणला. 1998 मध्ये पाम कंपनीचा पाम 3 हा हातातला संगणक आला. पत्ते, नोंदी दुसऱ्याच्या यंत्रात पाठवण्यासाठी त्यात इन्फ्रारेडचा दिवा होता. हौशी लोकांनी तो टीव्हीकडे रोखून पाहिला. ओम्निरिमोट नावाचा प्रोग्रॅम टाकला की पाम जुन्या रिमोटच्या खुणा शिकत असे आणि पडद्यावर हवी तशी बटणे मांडता येत. अडचण एकच. तो दिवा हातभर अंतरावर ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रासाठी केलेला, त्यामुळे खोलीच्या या टोकाहून टीव्हीपर्यंत त्याचा जोर पोचत नसे. सोनीने पुढे आपल्या क्लिए यंत्रात ही उणीव बरीच भरून काढली. 2013 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 4 आणि एचटीसी वन या फोनमध्ये रिमोट आला. आज शाओमीच्या अनेक फोनमध्ये तो असतो. आयफोनमध्ये मात्र कधीच नव्हता.

आपल्या फोनमध्ये ही सोय आहे का, हे पाहायला दुकानात जावे लागत नाही. फोनच्या वरच्या कडेला काळसर, बारीक, काचेसारखा ठिपका दिसला तर बहुधा तो हाच दिवा. फोनमध्ये रिमोटचे ॲप आधीपासून असेल तर ते उघडावे, कंपनीचे नाव निवडावे आणि टीव्हीकडे रोखून एकेक बटण दाबून बघावे. एकाच कंपनीचे चार-पाच संच दाखवतात. आवाज, चॅनल आणि बंद-चालू ही तिन्ही बटणे चालली तरच तो संच साठवावा. टीव्ही आणि डिशचा डबा ही दोन वेगळी यंत्रे आहेत, त्यामुळे दोन्ही वेगवेगळी जोडावी लागतात. टीव्ही बंद केला आणि डबा रात्रभर चालूच राहिला, असे यातूनच होते.

जुना रिमोट बिघडला आहे की सेल संपले, हेही फोन सांगतो. कॅमेरा उघडा, रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा दिवा पडद्यावर जांभळट चमकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात पाहा. आमच्या खणातल्या टीव्हीच्या रिमोटचा दिवा सेल घालताच छान चमकला. म्हणजे तो कधी बिघडलाच नव्हता, फक्त झाकण गेले होते.

काही नव्या टीव्हींचे रिमोट ब्लूटूथवर चालतात, काही टीव्ही वायफायवरून फोनचे ऐकतात. तिथे फोनमध्ये इन्फ्रारेड नसला तरी चालते, मात्र फोन आणि टीव्ही घरातल्या एकाच वायफायवर असावे लागतात. नेट गेले म्हणून तरावीह थांबली, असे तिथे होऊ शकते. एसीचेही विचारतात म्हणून सांगतो: एसीचा रिमोट दर वेळी सगळी माहिती एकदम पाठवतो, किती अंश, पंखा किती, थंड की कोरडे. म्हणून फोनवर एक आकडा आणि जुन्या रिमोटवर दुसरा दिसतो, आणि शेवटी ज्याने बटण दाबले त्याचे चालते.

फुकटच्या ॲपविषयी मात्र सावध राहा. मुलाच्या फोनमध्ये सोय आधीचीच होती, आमच्या फोनवर आम्ही एक उतरवून घेतले. आवाज कमी करायला बटण दाबले की पडदाभर जाहिरात. एकदा तर अशी जाहिरात आली की घरच्यांसमोर फोन उलटा ठेवावा लागला. शिवाय ते ॲप आमच्या फोनमधले सगळे नंबर पाहायची परवानगी मागत होते. टीव्ही लावण्यासाठी त्याला आमच्या नातेवाइकांचे नंबर कशाला? काढून टाकले. मुलांच्या खोड्या वेगळ्याच. आमच्या वर्गात धडा दाखवताना प्रोजेक्टर मधेच बंद पडायचा. चार दिवस वायर तपासत होतो. एका बाकाखाली फोन सापडला.

तर अम्मींसाठी काय करावे? मुलाला फार वाईट वाटले. त्याने आपला जुना, काच तडकलेला फोन काढला. सिम काढले, लॉक काढला, समोर रिमोटचे एकच चित्र ठेवले. एकदा साठवल्यावर खुणा पाठवायला बहुधा इंटरनेट लागत नाही. हा फोन त्याने दोरीने टीव्हीच्या टेबलाला बांधला. जुन्या फोनचा असा उपयोग चांगलाच आहे आणि आम्ही आजही तो वापरतो. पण अम्मींना तो जमला नाही. आयुष्यभर भांडी घासलेल्या, कोरड्या बोटांना काच ओळख देत नाही. चारदा दाबावे तेव्हा एकदा लागते. शिवाय अंधाऱ्या खोलीत तो प्रकाश डोळ्यांवर येतो, आणि दर वेळी चष्मा शोधून पडद्याकडे पाहावे लागते. रबराचे बटण नुसत्या अंगठ्याला कळते. दहा वर्षे तेच हातात होते, त्यांना बघावे लागत नव्हते.

शेवटी मुलगा बाजारात गेला, डिशच्या डब्यावरचा मॉडेल नंबर दाखवून शे-दीडशे रुपयांत साधा रिमोट आणला. त्यातही टीव्हीचा आवाज चालवणारी बटणे होती; ती कशी शिकवायची हे सोबतच्या कागदावर लिहिलेले होते. नको त्या बटणांवर मुलीने चिकटपट्टी लावली आणि आवाजाच्या दोन बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. अम्मींनी तो उलटसुलट करून पाहिला, एकदा आवाज वाढवला, एकदा कमी केला, आणि दुपट्ट्याच्या टोकाने पुसून मांडीवर ठेवला.

सत्ताविसाव्या रात्री आम्ही मशिदीतून परतलो तेव्हा खोलीत हरमचा आवाज होता, अगदी मंद. लहानगा दिवाणावर अम्मींच्या पायाशी झोपला होता.

आता तो रिमोट त्यांच्या जानमाजच्या खणात असतो. मुलाचा फोन आहेच, मॅच लावायला तो लागतो. इन्फ्रारेड भिंतीच्या आरपार जात नाही, म्हणून तो दारात उभा राहून हात लांब करतो. अम्मी बसल्या असतील तर आधी विचारायचे, एवढे त्याला सांगून ठेवले आहे.