बंद शोकेसमधला पंखा काय करतो आणि काय करत नाही

उजनीच्या काठावर केत्तूर, वांगी, कंदरपासून टेंभुर्णीपर्यंत कुठल्याही गावात नवं घर उभं राहिलं की हॉलमध्ये भिंतभर टीव्ही युनिट येतंच. प्लायचं, वरून सनमायका, मध्ये टीव्ही, खाली कप्पे. कप्प्यांत सेट-टॉप बॉक्स, होम थिएटर, वायफायचा राउटर, एखाद्या घरी भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा. शेतातली आणि रस्त्यावरची धूळ आत जाऊ नये म्हणून पुढे काचेचं दार. मग एप्रिल उजाडतो, चालू सिनेमात बॉक्स अडकायला लागतो, अ‍ॅम्प्लिफायर मध्येच आपोआप बंद पडतो, आणि कुणीतरी हमखास सुचवतं की कप्प्यात कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा बसवून टाका, आत गार राहील. सुतार सांगतो, वायरमन सांगतो, दुकानदार सांगतो, आणि तिघांच्याही बोलण्यात तिळमात्र शंका नसते. पण हे चूक आहे. बंद कप्प्यात बसवलेला पंखा कप्पा गार करत नाही. तो आतली गरम हवा आतल्या आत फिरवतो, आणि त्याच्या मोटरची एक-दोन वॅट उष्णता त्यात भर म्हणून टाकतो.

हा गैरसमज इतका चिवट का, हे समजून घ्यायला हवं, कारण तो मूर्खपणातून आलेला नाही. पंख्याखाली बसलं की आपल्याला गार वाटतं, आणि हा अनुभव खरा आहे. पण त्याचं कारण आपल्या कातडीवरचा घाम. वारा लागला की घाम लवकर सुकतो, सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. खोलीतल्या हवेचं तापमान मात्र पंख्यामुळे एका अंशानंही उतरत नाही. रिकाम्या खोलीत तासभर पंखा चालू ठेवा आणि थर्मामीटर पाहा, आकडा तिथेच असेल. अ‍ॅम्प्लिफायरला घाम येत नाही. त्यामुळे आपल्या अंगाला मिळणारा हा फायदा त्याला मिळूच शकत नाही. उपकरणाच्या बाबतीत पंख्याचं काम एकच: उपकरणाजवळची तापलेली हवा उचलून दुसरीकडे नेणं. आणि ‘दुसरीकडे’ म्हणून जागाच ठेवली नसेल, तर नेणार कुठे?

आकड्यांत मांडलं तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. समजा कप्पा १२० सेंटीमीटर रुंद, ५० उंच आणि ४५ खोल आहे, पाठ भिंतीला टेकलेली आहे आणि आत ६० वॅटची उष्णता तयार होते. मध्यम आवाजात चालणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि सोबत सेट-टॉप बॉक्स धरला तर हा आकडा जास्त नाही. ही उष्णता बाहेर पडायला कप्प्याच्या साधारण दोन चौरस मीटर पृष्ठभागाखेरीज वाट नाही, आणि १८ मिलिमीटरचा प्लाय उष्णतेला सहज वाट देणारा पदार्थ नव्हे. हिशेब केला तर आतल्या हवेचं सरासरी तापमान खोलीपेक्षा १० ते १२ अंश वर जाऊन स्थिरावतं. कप्प्याच्या वरच्या भागात आणि उपकरणाला चिकटून ते याहून जास्त. आता त्याच कप्प्यातून सेकंदाला फक्त १० लिटर हवा आरपार गेली, तर तेच ६० वॅट वाहून नेताना हवा पाचच अंशांनी तापते. १२० मिलिमीटरच्या साध्या पंख्याला जाळी आणि अडथळे जमेला धरूनही सेकंदाला १० लिटर जड जात नाहीत. पंखा तोच, वीज तीच. फरक फक्त हवेला आत यायला आणि बाहेर जायला तोंड आहे की नाही, एवढाच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: ‘आत पंखा बसवल्यावर बॉक्स अडकायचा कमी झाला, हे डोळ्यांनी पाहिलंय.’ तसं होऊ शकतं. पंखा नसताना उपकरणाभोवती गरम हवेचा एक स्थिर थर साचतो. पंखा तो मोडतो. शिवाय हवा कप्प्याच्या भिंतींवर जोरानं आपटल्यामुळे प्लायला आणि काचेला थोडी जास्त उष्णता मिळते. वरच्याच उदाहरणात या दोन्हींचा मिळून फायदा दोन-तीन अंशांचा निघतो. उपकरण तापून बंद पडण्याच्या अगदी सीमेवर असेल, तर एवढ्यानंही ते तरतं. पण यातून ‘पंखा पुरेसा आहे’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे फेब्रुवारीतल्या अनुभवावरून मे महिन्याचं भाकीत करणं होय. हे दोन-तीन अंश खोलीचं तापमान तेवढंच चढेपर्यंतच पुरतात, आणि सोलापूर जिल्ह्यात ते चढायला एक आठवडा बास होतो.

कंदरच्या परिसरात केळी निर्यातीचं काम चालतं. तिथे हेच तत्त्व रोज वापरलं जातं, म्हणून घरच्या शोकेसबाबत ते विसरलं जातं याची जास्तच चिडचिड होते. बागेतून आलेला केळीचा घड तापलेला असतो आणि तोडणीनंतरही फळाचा श्वसनक्रम चालू असल्यानं तो स्वतःही उष्णता सोडत राहतो. त्याला गार करायचं तर खोक्यांना भोकं लागतात, आणि प्रीकूलिंगच्या खोलीत खोकी अशी रचावी लागतात की एका खोक्याचं भोक दुसऱ्याच्या भोकासमोर येईल. मग पंखा थंड हवा खोक्यांच्या आतून ओढतो. भोकं जुळली नाहीत तर हवा खोक्यांच्या बाहेरून निघून जाते, पंखा पूर्ण जोरात फिरत असतो आणि आतलं फळ गरमच राहतं. टीव्ही युनिटमधली स्थिती तंतोतंत हीच आहे, फक्त तिथे केळीऐवजी अ‍ॅम्प्लिफायर आहे.

म्हणून रचनेचा विचार पंख्यापासून नाही, हवेच्या वाटेपासून सुरू करायला हवा. हवा खालून यावी, उपकरणावरून जावी आणि वरच्या बाजूनं, आलेल्या जागेपासून शक्य तितक्या लांबून बाहेर पडावी. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची भोकं शेजारी-शेजारी असतील तर हवा जवळची वाट धरते आणि उपकरणापर्यंत पोचतच नाही. एकावर एक कप्पे असतील तर फळ्या मागच्या भिंतीपर्यंत भिडवू नयेत. मागे चार-पाच सेंटीमीटर फट सोडली की वायरीही तिथून जातात आणि हवाही. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड सुमारे १०० चौरस सेंटीमीटर भरतं, तेव्हा आत येण्याची वाट त्याच्या दीडपट-दुप्पट हवी, कारण जाळी लावली की निम्मी जागा तिच्या तारांतच जाते. खालच्या पट्टीत ४० सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर उंच अशी एक फट कापली की हे भागतं. आणि एक गोष्ट सुतारानं नाही, घरच्यांनीच पाळायची: बॉक्स अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवायचा नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या वरच्या झाकणाला ज्या खाचा असतात, त्या त्याच्या उष्णतेच्या वाटा आहेत. त्यांवर क्रोशाचा रुमाल, फ्लॉवरपॉट किंवा दुसरं यंत्र आलं की बाहेर कितीही पंखे लावा, आतली उष्णता आतच राहते. उपकरणांच्या माहितीपुस्तिकांत आजूबाजूला मोकळी जागा सोडण्याची सूचना ठळकपणे छापलेली असते. ती वाचलीच जात नाही.

आता धुळीचा मुद्दा, कारण काचेचं दार त्यासाठीच लावलेलं असतं आणि ‘फटी ठेवल्या तर धूळ जाणार’ ही तक्रार खोटी नाही. उसाच्या हंगामात गावच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा सुरू झाली की घरात सगळीकडे धुळीचा थर बसतो. पण त्यावर उपाय कप्पा बंद करणं हा नाही, हवा गाळून घेणं हा आहे. पंखा वर, बाहेर फेकणारा लावला तर कप्प्यात हवा प्रत्येक फटीतून, दाराच्या कडेतून, वायरींच्या भोकातून ओढली जाते आणि न गाळलेली धूळ बरोबर येते. पंखा खाली, आत ढकलणारा लावला आणि त्याच्यासमोर पातळ स्पंज किंवा नायलॉनची बारीक जाळी बसवली, तर कप्प्यात किंचित दाब राहतो आणि फटींतून हवा बाहेरच पडत राहते. धुळीच्या गावांत माझं मत निःसंशय दुसऱ्या रचनेच्या बाजूनं आहे. अट एकच: जाळी धुवावी लागते. चोंदलेली जाळी म्हणजे पुन्हा बंद कप्पाच. त्याच जाळीमुळे पाण्याकाठी संध्याकाळी दिव्यांवर येणारे किडे आणि पालीही बाहेर राहतात. सर्किटवर मेलेली पाल हे उपकरण जळण्याचं अगदी खरं कारण आहे.

‘गरम हवा आपोआप वर जाते, मग पंखा खाली कशाला, आणि वर एक भोक पाडलं तर पंखा तरी कशाला?’ असंही विचारलं जातं. वर जाते हे खरं, पण तो जोर किती असतो ते पाहिलं पाहिजे. अर्धा मीटर उंचीच्या कप्प्यात हवा १० अंश गरम असली तर तिला वर ढकलणारा दाब एका पास्कलच्या पाचव्या भागाइतका भरतो. कॉम्प्युटरचा साधा पंखा त्याच्या कितीतरी पट दाब देतो. म्हणून पंखा असेल तर हवा कुठे जाणार हे त्याची दिशाच ठरवते, गरम हवेची इच्छा नाही. आणि पंखा नसेल तर वरच्या एकट्या भोकाचा उपयोग नाही, कारण खालून तेवढीच हवा आत आल्याशिवाय वरची बाहेर पडत नाही. पंख्याविनाच काम भागवायचं असेल तर दोन्ही फटी मोठ्या ठेवाव्या लागतात. एकट्या सेट-टॉप बॉक्ससाठी आणि राउटरसाठी तेवढं पुरतं. अ‍ॅम्प्लिफायरला पंखा द्यावा.

‘आमच्याकडे धरणाचं पाणी जवळ, इथे कुठे एवढं तापतं?’ हे वाक्य काठच्या गावांत ऐकू येतं. उजनीचा यशवंतसागर भरला की तो सुमारे ११७ टीएमसीचा होतो, आणि एवढ्या पाण्यावरून येणारा वारा अंगाला सुखद लागतो यात वाद नाही. पण पाणी सर्वांत मागे हटलेलं असतं ते मे महिन्यातच, आणि हवामान खात्याच्या दीर्घकालीन सरासरीनुसार त्या महिन्यात सोलापूरचं कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शोकेस काठावर नसतं, स्लॅबच्या घरात असतं. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता काही तास उशिरानं खाली सोडतो, म्हणजे बरोबर त्याच वेळी जेव्हा घरचे सगळे जेवून टीव्हीसमोर बसलेले असतात.

मग चाळीस अंशांची हवा कप्प्यातून फिरवून फायदा काय, असं कुणी म्हणेल. फायदा असा की कप्पा ५१ अंशांऐवजी ४५ वर राहतो. उपकरणांच्या माहितीपुस्तिकांत वापरासाठीची कमाल मर्यादा बहुधा ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान दिलेली असते, आणि ती भोवतालच्या हवेची असते, म्हणजे इथे कप्प्यातल्या हवेची. दुसरं, यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेला सर्वांत नाजूक. त्यांच्या जपानी उत्पादकांच्या तांत्रिक टिपणांत ढोबळ नियम दिलेला आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. त्या नियमानं सहा अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ दीडपट आयुष्य. दोन फटी आणि काहीशे रुपयांच्या पंख्यासाठी हा सौदा सोडण्यासारखा नाही.

बाकीचे गैरसमज झटपट. पंखा वीज खातो: दोन वॅटचा पंखा अहोरात्र चालला तरी महिन्याला दीड युनिटच्या आतच राहतो. टीव्ही बंद म्हणजे सगळं बंद: बहुतेक सेट-टॉप बॉक्स रिमोटनं बंद केल्यावरही जवळपास तेवढेच तापत राहतात, त्यामुळे टीव्हीच्या यूएसबीवर चालणारा पंखा टीव्हीबरोबर थांबतो आणि बॉक्स तापतच राहतो, भिंतीवरचं बटण बंद करावं. स्टॅबिलायझर लावला की उपकरण गरम होत नाही: स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, उष्णता नाही, उलट स्वतःही तापतो, त्यालाही मोकळी जागा हवी. कूलरचा झोत शोकेसवर सोडावा: कूलरनं खोली गार झाली तर उपकरणालाही बरंच, पण थेट झोताबरोबर क्षारयुक्त पाण्याचे तुषार सर्किटवर बसतात, तेव्हा झोत दुसरीकडे असावा. मोठा आवाज करणारा पंखा चांगला: १२ व्होल्टचा मोठा पंखा ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर हळू फिरवला तर आवाज एकदम उतरतो आणि हवा गरजेपुरती मिळते. उरलेल्या जागेत इन्व्हर्टरची बॅटरी ठेवू: कदापि नको. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एका ठिणगीत पेट घेतो.

युनिट आधीच बनलेलं असेल तर ते मोडायची गरज नाही. साधा थर्मामीटर उपकरणाशेजारी ठेवून दोन तास टीव्ही चालवावा आणि खोलीच्या तापमानाशी ताडून पाहावा. फरक पाच-सहा अंशांचा असेल तर हात लावू नये. दहाच्या पुढे असेल तर आधी पाठीचा प्लाय आहे का ते पाहावं. असल्यास तो त्या कप्प्यापुरता कापून काढावा आणि युनिट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं. पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं. नाही भागलं तर खालच्या पट्टीत फट, वरच्या बाजूला फट, आणि पंखा सर्वांत शेवटी.